पद्मावतीचं ‘नाही’

आधी माझी ओळख करून देते, नाहीतर मधेच कोणीतरी विचारील, ही एवढं तोंड वर करून बोलणारी कोण? मी कुसुम. चोपड्याला राहते, पुलाच्या अलीकडे, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर. माहेर मये. सत्तावीस वर्षं अंगणवाडीत काढली, आता निवृत्त. आमच्या बायकांच्या स्वयंसहाय्य गटाची मी सचिव. म्हणजे भांडायचं मी आणि सही करायची अध्यक्षांनी. अध्यक्ष आमची पद्मावती. हे सगळं तिच्याबद्दल आहे.

पद्मावती माझी शेजारीण. वय छप्पन्न. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. तिचं एकच दुखणं आहे: तिला ‘नाही’ म्हणता येत नाही. लोक म्हणतात, स्वभाव गोड. गोड कसला डोंबलाचा! तिचं लग्न कसं ठरलं ते ऐका. बघायला पाहुणे आले, हिने चहा आणला. मुलाच्या आत्याने विचारलं, “पसंत आहे ना गो?” हिला वाटलं, साखरेबद्दल विचारतात. ‘व्हय’ म्हणून मोकळी झाली. आत जाऊन आईला म्हणाली, “चाय बरी झाली वाटता.” बाहेर नारळ सुपारी झालीसुद्धा.

मागच्या पंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डात चार उमेदवार होते. चौघेही हात जोडून आले, चौघांनाही हिने ‘व्हय’ म्हटलं. मतदानाच्या दिवशी चार गाड्या हिच्या दारात. कोणाचं मन मोडायला नको म्हणून ही बाई चारही गाड्यांत बसून चार वेळा केंद्रावर जाऊन आली. शाई एकदाच लागली. बाकीच्या तीन वेळा आंब्याखाली पाच मिनिटं उभी राहून परत. मत कोणाला दिलं ते अजून सांगत नाही. चौघांवरही शिक्का मारून आली असणार, असा माझा पक्का संशय आहे.

गावातल्या दोन भजनी मंडळांचं एकमेकांत हाडवैर. ही दोन्हींत आहे. कोणाचं लग्न असो, हिची पातेली जातात आणि झाकणाशिवाय परत येतात. हरमलला आलेला कोणी गोरा जाताना आपली मांजर हिच्याकडे ठेवून गेला. त्याला तीन वर्षं झाली, मांजरीला आता नातवंडं आहेत. सगळे हिला वापरून घेतात. मी तिला रोज ओरडते. सकाळी पाववाला पोदेर भोंगा वाजवत येतो, तेव्हा माझे चार उंडे पाव घेऊन ती माझ्या जनेलात, म्हणजे खिडकीत ठेवते, ते वेगळं. मला पहाटे उठवत नाही. तो शेजारधर्म, त्यात वापरून घेण्यासारखं काही नाही.

तिचा नवरा कृष्णनाथ होता तोवर काळजी नव्हती. मोठी मिशी, मोठा आवाज. दारात कोणी काही मागायला आलं की तो आतूनच गर्जायचा, “नाय म्हणून सांग गो!” मग ही बाहेर येऊन हळूच सांगायची, “ते नाय म्हणतत.” नाही त्याचं, निरोप हिचा. तीस वर्षं अशी गेली. चार वर्षांपूर्वी कृष्णनाथ गेला आणि त्या घरातलं ‘नाही’ही त्याच्याबरोबर गेलं.

तो गेल्यावर वर्षभर ही कोणाशी धड बोलली नाही. मग एका सकाळी नदीकाठच्या मांगराचं कुलूप तिने काढलं. मांगर म्हणजे शेतातली, काठावरची कौलारू खोपटी. कृष्णनाथ तिथे जाळी ठेवायचा. जाळी गुंडाळून तिने एका कोपऱ्यात लावली आणि मला म्हणाली, “कुसुम, हंय शिवणाची मशीन ऱ्हवात गो?” राहिली. एक राहिली, मग चार राहिल्या. बाहेर सुके बांगडे वाळवायला मांडव आला. आज सोळाजणी तिथे येतात. कोणी शिवते, कोणी कोकमाची सोलं वाळवते, आणि दोघी अशा आहेत की काहीच करत नाहीत, नुसत्या बसतात. त्यांच्या घरी नुसतं बसायला मिळत नाही, म्हणून त्यांना मी काही बोलत नाही. मी! यावरून समजा.

आता सुधीर. सुधीर म्हणजे पद्मावतीचा धाकटा दीर. हरमलला पर्यटकांना खोल्या देतो, गळ्यात चेन, डोक्यावर चष्मा, डोळ्यांवर कधी नाहीच. त्याला दिल्लीची एक पार्टी भेटली. मांगर पाडायचा आणि तिथे नदीकडे तोंड करून सहा कॉटेजी बांधायच्या. कागद तयार झाले, घरातल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. पण आमच्या गोव्यात एक बरं आहे, घरच्या बाईची सही नसेल तर जमिनीचा कागद जागचा हलत नाही. तेव्हा सुधीर रोज सकाळी हजर.

“वयनी, एक सही.”

“चाय घेतंस, भावजी?”

चहा व्हायचा.

“वयनी, सही?”

“उंडो घे. बटाट्याची भाजी केलंय.”

भाजीही व्हायची. शेवटी ती म्हणायची, “बघूया.” दोन महिने त्याने असा नाश्ता केला, वजन वाढलं त्याचं. आणि एक दिवस बाजारात मला म्हणतो, “वयनीन व्हय म्हटलां.” मी तशीच तिच्याकडे गेले.

“तू व्हय म्हटलंस?”

“बघूया म्हटलंय गो.”

“तुझं बघूया म्हणजे व्हयच, हे अख्ख्या पेडणे तालुक्याला माहीत आहे! मांगर गेला तर सोळाजणी कुठे जातील? तू कुठे जाशील?”

ती पदराने मशीनवरची धूळ पुसत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला तिचा इतका राग आला की मी चहासुद्धा न घेता परत आले.

अशात पणजीहून प्रतीक्षाचा फोन. प्रतीक्षा एका संस्थेत आहे, बायकांचे आणि तरुण मुलींचे प्रशिक्षणाचे कार्यक्रम करते, आमच्या गटाला तिनेच उभं केलं. म्हणाली, “कुसुमताई, पुढच्या महिन्यात तुमच्याकडे सोमाली महिला येणार आहेत. पाचजणी, तीन आठवडे. त्या तुमच्याकडून मासे वाळवायला आणि शिवायला शिकतील. तुम्ही त्यांच्याकडून संरक्षण आणि नेतृत्व शिकायचं.”

पुलाजवळ रेंज जाते हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा चूक माझी नाही. मी जे ऐकलं ते बॅनरवाल्याला सांगितलं. पाहुण्या आल्या त्या दिवशी मांगरावर हा मोठा बॅनर: ‘सोनाली महिलांचे हार्दिक स्वागत’.

आमच्या गावात सोनाली एकच, वाड्यावरची, ब्युटी पार्लरचा कोर्स करते ती. तिला वाटलं, सत्कार आपला. काठापदराची साडी नेसून, केसांत अबोलीचा वळेसर माळून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर, आमच्या भाषेत कदेलीवर, येऊन बसली. गाडीतून उंच उंच पाचजणी उतरल्या, अंगभर रंगीत झगे, डोक्यावरून खाली सोडलेल्या ओढण्या. त्यांतली सर्वांत तरुण, बावीसेक वर्षांची, बॅनरसमोर थांबली आणि तिने तो मोठ्याने वाचला. देवनागरी! आमची तोंडं उघडीच.

“ह्या सोनाली महिला कोण बरं?” तिने विचारलं.

सोनालीने हात वर केला.

मुलीचं नाव इफ्राह. पुण्यात नर्सिंग शिकायला चार वर्षं एका बाईंकडे खोली घेऊन राहिलेली. त्या बाईंनी तिला मराठी शिकवलं आणि असं शिकवलं की पहिल्याच दिवशी ती मला म्हणते, “काकू, आपण जरा सावकाश आणि शुद्ध बोलाल का? मला ‘खंय’ समजलं नाही.” सोमालियाच्या मुलीने मला शुद्ध बोलायला सांगायचं! मी तिला म्हटलं, “बाय, तुझ्या पुण्याच्या बाईला सांग, समुद्राजवळचं मराठी ओलंच असतं.” तिने ते वहीत लिहून घेतलं.

त्यांची प्रमुख होदन. पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. हसली की मांडवावरचे कावळे उडायचे. तिला मराठी एक अक्षर येत नव्हतं आणि आम्हाला तिची भाषा. तिने सोनालीला गच्च मिठी मारली, आणलेला हार आम्ही दोघींना मिळून घातला, आणि सोनालीचा सत्कार तेवढा पार पडला.

पाहुण्यांचं जेवण पद्मावतीकडे. कोणाकडे असणार दुसरं? मी विचारलं होतं सगळ्यांना, कोणी करील का. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या दुपारी उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं हुमण, सोलकढी. होदनने भाताचा एक घास घेतला, मग पिशवीतून केळं काढलं, सोललं आणि हुमणभाताबरोबर खाऊ लागली. केळं आणि बांगडा! माझी मान आपोआप दुसरीकडे वळली. पद्मावती मात्र धावत जाऊन घरातला घडच घेऊन आली.

भात संपत आला तशी पद्मावती डाव घेऊन पुढे. होदनने ताटावर हात धरला आणि म्हणाली, “माया, माया.”

पद्मावतीचा चेहरा असा उजळला!

“आयकलंस गो कुसुम? माया म्हणता! कितकी लाघवी बायल!” आणि तिने होदनचा हात बाजूला करून दोन डाव भात वाढला.

“माया!” होदन जरा मोठ्याने म्हणाली.

“माझीय तुझ्यावर माया आसा गो बाय,” म्हणून तिसरा डाव.

असं तीन दिवस चाललं. इफ्राह तेव्हा दुपारी माझ्याकडे जेवायची, तिला माझ्या ओल्या मराठीची गोडी लागली होती. तिकडे होदन रोज जिवाच्या आकांताने माया माया करायची आणि पद्मावती रोज जास्त वाढायची. चौथ्या दिवशी होदन पोट धरून मांगराच्या पायरीवर बसली. पद्मावती ओव्याचं पाणी घेऊन आली, तर ते बघूनही ती म्हणाली, “माया!” तेवढ्यात इफ्राह आली. दोघी आपसात बोलल्या आणि इफ्राह हसत हसत खालीच बसली.

“पद्माकाकू, आमच्या भाषेत ‘हा’ म्हणजे हो, आणि ‘माया’ म्हणजे नाही! नको! पुरे!”

पद्मावतीच्या हातातला पेला तसाच राहिला.

“अगो बाय माझे! तीन दिस ती नको म्हणता आणि मी वाढतंय!” लाजेने तिने पदर तोंडावर घेतला. मी तर हसून हसून कोकमाच्या सुपात बसले. पण पद्मावती मधेच पदर खाली करून मला म्हणाली, “कुसुम, त्यांचा नाय किती बरा गो. आयकणाऱ्याक लागणा नाय. आमचा तसला असता तर मी पण म्हटला असता.”

मी म्हटलं, “तू? तू ‘माया’सुद्धा वाढूनच दिली असतीस.”

दुसऱ्या आठवड्यापासून होदनचे वर्ग सुरू झाले. शिट्टी कशी वाजवायची, एकटीने कुठून जायचं नाही, कोणी अंगावर आलं तर काय करायचं. आमच्या पोरींनी शिट्ट्यांनी गाव डोक्यावर घेतलं. सोनालीने तर तीन दिवसांत दोन म्हशी आणि एक पोस्टमन पळवून लावले. मग एके दुपारी होदनने आम्हा बायकांना रांगेत उभं केलं. इफ्राहने सांगितलं, “आता प्रत्येकीने मोठ्याने, स्पष्ट, नाही म्हणायचं. कारण द्यायचं नाही. माफी मागायची नाही.”

सोपं वाटतं ना? पहिली म्हणाली, “घरात विचारून सांगते.” दुसरी, “आता नको, मागीर बघूया.” तिसरी नुसतीच हसली. मी म्हटलं, “नाही!” असं म्हटलं की नदीपलीकडच्या होडीतल्या माणसाने वळून बघितलं. होदनने माझी पाठ थोपटली. मग पद्मावतीची पाळी.

“ना…” ती म्हणाली. सगळे थांबले. तिच्या मानेच्या शिरा दिसायला लागल्या. “नाऽऽ… नाश्तो करतलास?”

परत एकदा.

“नाऽऽ… नारळ देऊ दोन?”

सगळ्या हसल्या. ती पण हसली. होदन तेवढी हसली नाही. ती पद्मावतीसमोर येऊन बसली, तिचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागली. इफ्राह एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत गेली.

होदनचं गाव किसमायो, समुद्राकाठी. लढाई आली, घर सुटलं, नऊ वर्षं ती छावणीत राहिली. छावणीत बायकांनी पत्र्याची एक खोली उभारली होती, मुलींना शिकवायला. एक दिवस तिथला मोठा माणूस आला, म्हणाला, खोली गोदामाला हवी. एका एकोणीस वर्षांच्या मुलीने एकटीने त्याला ‘माया’ म्हटलं. तो हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा तिने परत म्हटलं. ह्या वेळी तिच्या मागे चाळीसजणी उभ्या होत्या. तिने म्हटलं की त्या सगळ्या म्हणायच्या. तेव्हापासून त्यांचा नियम झाला, एकीचं नाही बाकीच्यांनी परत म्हणायचं, ते कितीही बारीक आवाजात असलं तरी.

“ती खोली अजून आहे,” इफ्राह म्हणाली. “मी त्याच खोलीत पहिलं अक्षर गिरवलं.”

पद्मावती कोपऱ्यातल्या कृष्णनाथच्या जाळ्यांकडे बघत होती.

मधल्या रविवारी आम्ही पाहुण्यांना मयेला नेलं, तळं दाखवायला. गावाच्या पाटीपाशी होदनने एकदम ओरडून गाडी थांबवायला लावली. गाडीतून उतरून पाटीकडे बोट दाखवून ती आणि इफ्राह पोट धरून हसायला लागल्या. मग कळलं. ‘मये’ची इंग्रजी अक्षरं ‘माया’ अशी वाचून होदन म्हणत होती, ह्या अख्ख्या गावाचं नाव ‘नाही’ आहे!

“आणि कुसुमकाकूंचं माहेर इथलंच,” इफ्राह म्हणाली.

“आता समजला,” पद्मावती म्हणाली.

समारोपाला प्रमुख पाहुणा कोण, हा प्रश्न आला. मी गटात काही ठरवायच्या आधीच सुधीर सकाळची भाजी खाता खाता पद्मावतीला म्हणाला, “वयनी, प्रमुख पावणो मीच येतंय. कदेली आणि माईक माझो.” ही म्हणाली, “बघूया.” म्हणजे झालाच. मग त्याने पुढचं सांगितलं: त्याच स्टेजवर सगळ्यांसमोर ती सही करणार. दिल्लीच्या पार्टीला फोटो पाठवायचा आहे.

मी ऐकलं तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि मी चुलीवरचं कालवण तसंच सोडून तिच्याकडे गेले.

“पद्मावती, हे बघ. उद्या तू सही केलीस तर माझं तुझं बोलणं बंद. कायमचं. कृष्णनाथचा मांगर आहे तो!”

“माका म्हायत नाय?” ती पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली. ओरडली म्हणजे तिच्या मानाने. “रोज सकाळी आरशासमोर म्हणतंय गो मी. ‘ना’ येता, ‘ही’ येणा नाय. तोंडाकच येणा नाय तर काय करू? ते होते तेव्हा तेच म्हणायचे.” आणि ती रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मी कालवणाचं निमित्त करून उठले. कालवण करपलंच होतं.

समारोप मांगरासमोर, माडांखाली. बॅनर तोच, फक्त ‘सोनाली’मधल्या ‘ना’वर कागद चिकटवून ‘मा’ केलेला. सुधीर पांढऱ्या सदऱ्यात, मांडीवर फाईल. प्रमाणपत्रं वाटून झाली. मग त्याने माईक घेतला. महिला सक्षमीकरण ही काळाची गरज आहे, बायका पुढे गेल्या तर देश पुढे जातो, असं सगळं बोलला आणि शेवटी म्हणाला, “आमच्या वहिनीने मोठ्या मनाने ही जागा विकासासाठी द्यायचं ठरवलं आहे. वहिनी, स्टेजवर ये.”

पद्मावती गेली. त्याने फाईल उघडली, पेन तिच्या हातात दिलं, माईक तिच्या तोंडासमोर धरला. “दोन शब्द बोल आणि सही कर.”

“ना…” पद्मावती म्हणाली.

मी पहिल्या रांगेत होते. माझ्या हातातला रुमाल मी पिळून टाकला होता.

“नाऽऽ…”

“नाश्तो?” शेजारी सोनाली कुजबुजली. मी तिला कोपर मारलं.

पद्मावतीचा आवाज बंद पडला. तिने आमच्याकडे बघितलं. होदन समोरच बसली होती, मांडीवर प्रमाणपत्रांचं रिकामं ताट घेऊन. तिने नुसता ताटावर आडवा हात धरला, पहिल्या दुपारी धरला होता तसा.

पद्मावतीने पेन खाली ठेवलं. कागदावर आडवा हात धरला.

“माया,” ती म्हणाली.

सुधीरचा चेहरा फुलला. “बघा, बघा! वहिनीची माया! व्हय वयनी, तुझी माया माका म्हायत आसा,” म्हणत त्याने पेन परत तिच्या हातात दिलं. मागच्या कदेलींवरच्या पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

“माया,” पद्मावती जरा मोठ्याने म्हणाली. पेन परत खाली.

होदन उभी राहिली. “माया!” तिच्या आवाजाने माडावरचे कावळे उडाले. तिच्या चौघी उठल्या. “माया!” मी उठले, माझ्या मागे सोळाच्या सोळाजणी उठल्या, नुसत्या बसणाऱ्या दोघीसुद्धा, आणि सगळ्या मिळून ओरडल्या, “माया!” सोनालीने शिट्टी फुंकली. रस्त्यावरचा पोस्टमन सायकल सोडून पळाला.

सुधीरला काही समजेना. तो हात जोडून सगळ्यांचे आभार मानत होता. शेवटी इफ्राह स्टेजवर गेली, माईक घेतला आणि तिच्या त्या पुणेरी मराठीत म्हणाली, “साहेब, क्षमा असावी. आपला थोडा गैरसमज होतो आहे. माया म्हणजे नाही.”

“नाय?” सुधीर म्हणाला. “नाय कोण म्हणता?”

“मी, भावजी,” पद्मावती म्हणाली. “कागद परत घेवन जा. मांगर ऱ्हवतलो.”

बारीकच आवाज, पण माईक सुधीरचा होता आणि चांगला होता. नदीपलीकडेपर्यंत गेला. सुधीरने तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आम्ही सगळ्या अजून उभ्या होतो. त्याने फाईल बंद केली. मला रडू फुटलं आणि ह्या वेळी कालवण नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर रडले.

सुधीर पायरी उतरायला लागला, तेव्हा पद्मावती सवयीने म्हणाली, “नाश्तो करून जा.”

आणि तो थांबला. बटाटेवडे होते. चार खाल्ले, कोणाशी बोलला नाही, गेला. महिनाभर आला नाही. आता येतो, चहा पितो, फाईल घरी ठेवतो.

पाहुण्या दुसऱ्या दिवशी गेल्या. होदनने जाताना पद्मावतीला आपली शिट्टी दिली, हिने तिला सुक्या बांगड्यांची पिशवी आणि केळ्यांचा घड. “परत येतलंस?” हिने विचारलं. “हा!” होदन म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

त्याच्या दुसऱ्या सकाळची गोष्ट. उठले तर जनेलात उंडे नाहीत. मला वाटलं, ह्या गडबडीत विसरली. हाक मारली, “पद्मावती! माझे उंडे गो?”

ती अंगण झाडत होती. झाडू थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी वाट बघत होते नाश्त्याची, नारळाची, नाहीतर त्या सोमाली शब्दाची.

“नाय,” पद्मावती म्हणाली. साधं, आमचं, स्वच्छ. “तीस वर्सां झाली, कुसुम. आता तू उठ गो.”

आणि ती झाडायला लागली.

मी जनेलातच उभी राहिले. राग आला. खूप आला. सगळ्या गावाला शिकवलं, सगळ्या गावावर ओरडले, आणि तिचं आपल्या भाषेतलं पहिलं नाही कोणाला, तर मला! त्या दिवशी मी बिस्किटं खाल्ली आणि तिच्याशी अवाक्षर बोलले नाही. ती पण बोलली नाही. संध्याकाळपर्यंत मला कळलं होतं की तिची चूक नव्हती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. गाऊनवर टॉवेल टाकून रस्त्यावर उभी राहिले. पोदेर मला बघून सायकलवरून उतरलाच. “काकी, तुम्ही? घरात सगळा बरा मगो?” मी त्याला म्हटलं, तू पाव दे, चौकशा नको.

माझे चार घेतले. दोन जास्तीचे घेतले आणि पद्मावतीच्या जनेलात ठेवून आले. तिने मागितले नव्हते. मागितले असते तर मी नाहीच म्हटलं असतं.